डाग दातावर, दोष कुणाचा?

रोवणी आटोपली की आमच्या सडक अर्जुनी तालुक्यात बचत गटांच्या बैठकांना पुन्हा जीव येतो. महिना-दीड महिना चिखलात वाकून कंबर मोडलेल्या बाया जरा टेकतात. वह्या उघडतात, थकलेले हप्ते निघतात, नवं कर्ज मागितलं जातं. कर्जाची कारणं आता आम्हाला पाठ आहेत : खत, शाळेची फी, दवाखाना, बारसं, तेरवी. पण अलीकडच्या एका बैठकीत एका मायने सांगितलेलं कारण ऐकून सगळ्या क्षणभर गप्प झाल्या. तिला आठ हजार रुपये हवे होते. म्हणाली, "पोरीचे दात पांढरे करायचे हायेत. दिवाळीनंतर पाहुणे येऊन राह्यले तिले पाहाले."

कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, दातासाठी कुठं कर्ज असतं का? गटाच्या अध्यक्षबाईंनी वही मिटली. पोरगी तिथेच दाराशी बसली होती. बारावी झालेली, नर्सिंगला जायची तयारी करणारी. ओढणीचं टोक तोंडावर धरून ती म्हणाली, "पाहुण्यांचं सोडा. मलाच पाहिजे. मी हसली की लोकं माझ्या डोळ्यांकडे नाही, दाताकडे पाहतात." बैठकीतलं हसू तिथंच थांबलं.

हमरस्त्यावरच्या एका पार्लरवाल्या बाईने मायला सांगितलं होतं, निळ्या दिव्याखाली एक तास बसली की दात मोत्यासारखे होतात. शेजारच्या पोराने मोबाईलवर दाखवलं होतं, कोळशाची पावडर मागवा, दोनशे रुपयांत काम होतं. आणि आजी सांगत होती, मीठ-लिंबू घासा, फुकटात होते. तिघांचे तीन सल्ले. बाया माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. डॉक्टरकडे करावं का घरीच?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या शिक्षणात कौटुंबिक हिंसा शिकवली, आरोग्याचे हक्क शिकवले, दात कुणी शिकवला नाही. शिवाय एक गोष्ट त्या बैठकीत बोलायचं मला धाडस झालं नाही, ती इथे लिहिते. कॉलेजात असताना मीसुद्धा वसतिगृहाच्या न्हाणीघरात दार लावून खाण्याचा सोडा आणि लिंबू दातांवर घासलं आहे. आठवडाभर थंड पाणी तोंडात घेता येईना. बायकांच्या शरीरावर बाजार कसा कब्जा करतो, यावर त्याच वर्षी मी निबंधही लिहिला होता. तेव्हा उपदेश करायचा अधिकार मला नाही. मी दोन-तीन दंतवैद्यांना भेटले, काही वाचलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते, कारण हा प्रश्न त्या एका पोरीचा नाही.

सगळ्यात आधी एक आठवण करून द्यायला हवी. दात पांढरेच असावेत, हा नियम काही सृष्टीच्या आरंभापासूनचा नाही. याच महाराष्ट्रात शे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत लग्न झालेल्या बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करत. हिरडा, हिराकस यांच्यासारख्या वस्तूंची ती पूड. काळेभोर दात ही शोभा होती, सवाष्णपणाची खूण होती. पणजीला काळ्या दातांनी चारचौघांत बसावं लागलं, पणतीला पांढऱ्या दातांनी. रंग बदलला, बाईच्या तोंडाचा रंग दुसऱ्याने ठरवायचा, हे मात्र बदललं नाही. १९९४ साली भारताच्या दोन मुली एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्‌सुंदरी झाल्या. १९९६ साली बंगळूरला जगत्‌सुंदरी स्पर्धा भरली, तेव्हा देशभरातल्या स्त्री-संघटनांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. आमच्या पिढीला ते सगळं ऐकूनच माहीत. पण त्या स्पर्धेतलं हसू शहरातून तालुक्याला, तालुक्यातून गावातल्या मोबाईलपर्यंत कसं पोचलं, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो आहोत. गोऱ्या रंगाची क्रीम आधी आली, दातांची पावडर तिच्या मागोमाग आली.

एवढं बोलून थांबलो तर आपलं काम सोपं होईल. "बाजाराला बळी पडू नका" म्हणायचं आणि घरी जायचं. पण ओढणीआड तोंड लपवणाऱ्या पोरीला त्याने काही मिळत नाही. तिला माहिती हवी आहे. ती देणं हेही चळवळीचंच काम आहे.

माहितीतली पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की डॉक्टरकडे की घरी, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न आहे, डाग कसला? कारण डागाची जात ओळखल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो, कधी कधी दातही जातो.

आपल्या भागात दातांवर मुख्यतः तीन तऱ्हेचे डाग दिसतात. पहिला वरवरचा : चहाचा, पानाचा, खऱ्र्याचा, नशीचा, आणि दातांवर दगडासारख्या साचलेल्या किटणाचा. हा दाताच्या बाहेर असतो. दुसरा आतला, दात हिरडीच्या आत घडत असतानाच बसलेला. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असलं की हा होतो. सुरुवातीला खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे, मग तपकिरी. लहानपणी किंवा आईच्या पोटात असताना टेट्रासायक्लिनची औषधं गेली असतील तर दात करडे-तपकिरी होतात, तोही आतलाच डाग. तिसरा एकट्या दाताचा. मार लागून किंवा कीड खोल जाऊन एखादा दात आतून मेला की तो काळपट पडतो. त्याला पांढरं करण्याआधी त्याच्या मुळाचा इलाज लागतो.

आता उपाय पाहू. आधी दवाखान्यातले.

दंतवैद्याकडे सगळ्यात साधा उपाय म्हणजे दातांची सफाई. यंत्राने किटण काढतात आणि दात घासून गुळगुळीत करतात. वरवरचा डाग असेल तर पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं, पुढचं काही लागत नाही. सफाई केली की दात ढिले होतात, असा समज गावोगाव आहे. तो खरा नाही. किटणामुळे हिरडी आधीच सुटलेली असते. किटण निघालं की ते उघडं पडतं, इतकंच. उलट किटण तसंच ठेवलं तर दात पडतात.

दुसरा उपाय म्हणजे ज्याला ब्लीचिंग म्हणतात तो. यात हायड्रोजन पेरॉक्साईड नावाचं रसायन वापरतात. ते दाताच्या वरच्या थरातून आत झिरपतं आणि रंगाचे कण फोडतं. दवाखान्यात ते पंचवीस ते चाळीस टक्के इतकं तीव्र असतं, म्हणून आधी हिरड्या झाकून घ्याव्या लागतात. तासाभरात फरक दिसतो. पण त्या तासाभराच्या पांढरेपणातला काही भाग दात कोरडे पडल्यामुळे असतो, दोन-चार दिवसांत तो ओसरतो. आणि तो निळा दिवा? त्याने कायमचा जास्त फायदा होतो, असं अभ्यासांतून निघालेलं नाही. दिव्याचा उपयोग गिऱ्हाईकाचे डोळे दिपवायला अधिक.

तिसरा उपाय अर्धा दवाखान्यातला, अर्धा घरातला. दंतवैद्य दातांचा साचा घेतो आणि त्यावरून पातळ, पारदर्शक पट्टी बनवून देतो. तिच्यात औषधाचा थेंब-थेंब घालून रात्री दातांवर चढवायची. हे औषध कार्बामाईड पेरॉक्साईड, बहुधा दहा टक्क्यांचं. त्यातून साडेतीन टक्क्यांच्या आसपास पेरॉक्साईड सुटतं. म्हणजे दवाखान्यातल्यापेक्षा कितीतरी सौम्य. १९८९ साली अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी ही रीत प्रसिद्ध केली आणि जगभर रुळली. दोन ते चार आठवडे लागतात, खर्च कमी येतो, आणि शेवटी होणारा पांढरेपणा तासाभराच्या उपचाराहून कमी नसतो. घाई नसेल तर हाच मार्ग शहाणपणाचा, असं मला भेटलेल्या दंतवैद्यांचंही म्हणणं पडलं.

दोन्हींत दात सळसळतात, हिरडी चरचरते. बहुतेकींचं ते काही दिवसांत थांबतं. केलेला पांढरेपणा जन्मभर टिकत नाही. वर्ष-दोन वर्षांत उतरू लागतो, चहा-तंबाखू असेल तर त्याआधीच. बसवलेला दात, टोपी, भरलेलं सिमेंट यांचा रंग बदलत नाही. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि अठरा वर्षांखालची मुलगी यांनी हे करू नये. किडलेला दात, सुजलेली हिरडी असेल तर आधी तिचा इलाज. युरोपात २०११ सालच्या नियमाने ०.१ टक्क्याच्या वर आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साईड असलेली वस्तू थेट गिऱ्हाईकाला विकता येत नाही, ती दंतवैद्याच्याच हातून मिळते. यावरून हे खेळणं नाही एवढं तरी लक्षात यावं. आपल्याकडेही दंतवैद्यकाचा कायदा १९४८ पासून आहे. दातांवर उपचार नोंदणी असलेल्या दंतवैद्यानेच करायचा. पार्लरच्या खुर्चीत बसून तीव्र रसायन दातांना लावून घेणं म्हणजे शिंप्याकडून टाके घालून घेण्यासारखं आहे. चूक त्या पार्लरवाल्या बाईची एकटीची नाही. तीही आपल्यातलीच, दोन महिन्यांचा कोर्स करून पोट भरणारी. तिच्या हातात बाटली देणाऱ्याला विचारायला हवं.

आता निव्वळ घरचे उपाय. चिकटपट्ट्या मिळतात, त्यात सौम्य पेरॉक्साईड असतं. दात सरळ असतील तर थोडा गुण येतो, वाकडे-तिकडे असतील तर कुठे लागतं, कुठे नाही. २०१८ साली घरच्या पांढरे करण्याच्या साधनांवरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. निष्कर्ष असा की थोड्या काळापुरता फरक दिसतो, पण पुरावा कच्चा आहे, आणि सळसळ व चरचर हे त्रास नेहमीचे आहेत.

कोळशाच्या पावडरीची गोष्ट वेगळी. कोळसा रंग फोडत नाही, तो घासतो. राख, विटेची पूड, जाड मीठ, काही लाल दंतमंजनं, सगळ्यांचं काम तेच. लिंबू तर आम्ल. ते दाताचा वरचा थर विरघळवतं. हा वरचा थर म्हणजे दाताचं कवच. एकदा झिजलं की ते पुन्हा येत नाही, केस किंवा नखासारखं नाही ते. आणि त्या कवचाखालचा थर मुळातच पिवळा असतो. म्हणजे पांढरे करायला जितकं घासावं तितका दात पिवळा दिसू लागतो. मग आणखी घासायचं. पावडर विकणाऱ्याला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठलं?

कडुनिंबाची काडी, हलक्या हाताने ब्रश, साधी फ्लोराईडची पेस्ट, गुळणी, यांनी दात पांढरेशुभ्र होत नाहीत, निरोगी राहतात. पोरीचा दात जन्मतःच थोडा पिवळसर असतो आणि वयाबरोबर अधिक होतो, हे कोणती जाहिरात सांगते?

तंबाखूबद्दल बोलल्याशिवाय आपल्या भागातल्या दातांबद्दल बोलता येत नाही. पुरुषांचा खर्रा चौकात दिसतो, बायांची नस चुलीपाशी राहते. पहाटे उठून नस घासली की पोट साफ होतं, दातदुखी दबते, आणि भूकही मरते. रोवणीच्या दिवसांत भूक मारणं किती उपयोगाचं असतं, हे शेतात उभ्या असलेल्या बाईला विचारा. छत्तीसगडकडून गुडाखू येतो, तोही तंबाखूच, गुळात कालवलेला. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ स्त्रिया तंबाखू घेणाऱ्या आढळल्या, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या बिनधुराचा, चघळायचा किंवा दाताला लावायचा. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर आणि पेस्टवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. तरी दात घासायच्या नावाखाली नस आणि गुडाखू घरोघर आहेतच.

ज्या बाईचे दात नशीने काळे झाले आहेत, तिने पांढरे करायच्या आधी तोंड उघडून दाखवावं. गालाच्या आत किंवा जिभेखाली पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, तिखट न सोसणं, तीन बोटं उभी तोंडात न जाणं, यातलं काहीही असेल तर दातांचा रंग विसरा आणि दवाखाना गाठा. ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. पैसे घेऊन दात चकचकीत करणाऱ्याने गालाच्या आत डोकावलं नाही, तर त्याने आपला जीव पाहिला नाही, खिसा पाहिला. प्रत्येक बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं एकमेकींचं तोंड बॅटरीच्या उजेडात पाहायचं, असं आम्ही ठरवलं आहे. पहिल्या दिवशी सगळ्या लाजल्या, पदर तोंडावर गेले. दुसऱ्या बैठकीत म्हाताऱ्या आपणहून पुढे आल्या.

पण ओढणीवाल्या पोरीने तंबाखूला कधी हात लावला नव्हता. मी तिला आणि तिच्या मायला दंतवैद्याकडे नेलं. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "गावात पाणी कशाचं पिता?" बोअरिंगचं. "लहानपणापासून?" हो, जन्मापासून. मग तो मायला म्हणाला, हा डाग घासून जाणारा नाही. पार्लरमध्ये आठ हजार दिले असते तर पिवळेपणा जरा कमी झाला असता, पांढरे ठिपके कदाचित आधी जास्तच उठून दिसले असते, आणि तपकिरी पट्टे तसेच राहिले असते. अशा दातांना वरचा अगदी पातळ थर जपून काढावा लागतो, मग गरज पडली तर घरची पट्टी. ते दंतवैद्याचंच काम.

माय तिथेच रडू लागली. मला वाटलं, खर्चाला घाबरली. पण ती वेगळंच बोलली. म्हणाली, "इतके वर्षं सासू मलेच बोलली. पोरीले दात घासाले शिकवलं नाही, माय आळशी. माह्या माहेरी कोणाचेच असे दात नाही, माहेही नाही."

मैत्रिणींनो, तिच्या या बोलण्यातच सगळं आलं. फ्लोराईडचा डाग दात घडत असतानाच बसतो, साधारण वयाच्या आठ वर्षांपर्यंत. म्हणून दुसऱ्या गावाहून सासरी आलेल्या सुनेचे दात पांढरेच राहतात, आणि तिच्या लेकरांचे डागाळतात. जमिनीखालचं पाणी लेकरांच्या दातावर उमटतं, आणि दोष लागतो आईच्या संस्कारांना. मुलाच्या दातावर डाग असला तर तो "चालते". मुलीच्या दातावर असला तर हुंडा वाढतो, स्थळ परत जातं, आणि मायला कर्ज काढावं लागतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. दाताच्या डागाची किंमत कुठल्याही याद्यांत लिहीत नाहीत, पण ती वसूल होते.

२०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या हिशेबाने आठ हजार रुपये म्हणजे सत्तावीस दिवस माती उपसणं. पाण्यातल्या दोषासाठी सत्तावीस दिवसांचा दंड बाईने भरायचा, हा कुठला न्याय?

पाण्याबद्दल चार गोष्टी प्रत्येक गटाला माहीत हव्यात. आपल्या भागातल्या कठीण खडकांत फ्लोराईडची खनिजं असतात. बोअरिंग जितकं खोल, तितका खडकाशी पाण्याचा संबंध जास्त आणि फ्लोराईड वाढण्याची शक्यता जास्त. तलावाच्या किंवा उथळ विहिरीच्या पाण्यात ते सहसा कमी असतं, मात्र ते पाणी जंतू मारल्याशिवाय पिऊ नये. मामा तलावांच्या या मुलखात आपण पाण्यावरच राहतो आणि पितो मात्र खडकातलं, हे विचार करण्यासारखं आहे. केंद्रीय भूजल मंडळाने फ्लोराईड जास्त आढळलेल्या जिल्ह्यांची जी नोंद केली, तिच्यात गोंदियाचं नाव आहे. याचा अर्थ प्रत्येक गावचं पाणी वाईट असा नाही. एका टोल्याचा हातपंप चांगला आणि दुसऱ्याचा वाईट, असंही असतं. म्हणूनच तपासणी हवी.

भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्यावर जाऊन वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर दातांवर डाग येतात, आणि प्रमाण फार वाढलं तर हाडं-सांधे धरतात, माणूस वाकतो. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. तुरटी आणि चुना वापरून ते कमी करण्याची रीत नागपूरच्याच नीरी संस्थेने शोधली. नालगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते. म्हणजे उपाय आपल्या दारात आहे. नुसती गोळी घ्या आणि जा, असा हा आजार नाही; त्याला नळ बदलावा लागतो. पेस्टमधलं फ्लोराईड मात्र टाकून देऊ नका. ते दात किडण्यापासून वाचवतं. लहान मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि गिळू द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून आमच्या बायांना हसूही आलं आणि रागही. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं आणि तपासणीची पेटी त्यांच्या हाती द्यायची, अशी तरतूद आहे. बैठकीत विचारलं, आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण? एकमेकींकडे पाहणं झालं. एकीचं नाव कागदावर निघालं. तिलाच ते माहीत नव्हतं.

आता त्या पाच जणी कोण, पेटी कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली आणि आकडा काय आला, हे चार प्रश्न आम्ही ग्रामसभेत लेखी विचारले आहेत. शाळेजवळच्या बोअरिंगच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला आहे. अहवाल यायचा आहे. तो येईपर्यंत अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांचे पुढचे दात पाहून कुणाकुणाला पट्टे दिसतात, याची यादी गटातल्या दोघी करत आहेत. दात घडायची वर्षं थांबून राहत नाहीत. आज दोन वर्षांचं असलेलं पोर सहा वर्षांनी आठ वर्षांचं होईल, मग त्याच्या दातांसाठी नळ बदलून उपयोग नाही.

तुमच्या गटातही हाच प्रश्न आला, तर काय कराल? आमच्या अनुभवावरून सांगते. "दात पांढरे करायचे" म्हणणाऱ्या बाईला हसू नका आणि झिडकारू नका. डाग कसला हे आधी दंतवैद्याकडून समजून घ्या. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे; तिथे खासगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात तपासणी, सफाई होते. दोघी-तिघी मिळून गेलात तर भीती वाटत नाही. वरवरचा डाग असेल तर सफाई पुरे. त्यापुढे जायचंच तर दंतवैद्याने बनवलेली पट्टी आणि सौम्य औषध, तासाभराच्या दिव्यापेक्षा बरं. पार्लर नको, कोळसा नको, लिंबू नको. तंबाखू असेल तर आधी तोंड तपासा. आणि डाग आतला असेल तर बिल गावाच्या पाण्याच्या नावावर लिहा.

त्या पोरीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. गटात दोन बैठका वाद झाला. काही जणींचं म्हणणं, स्थळासाठी दात पांढरे करायला गटाने पैसा देणं म्हणजे आपणच हुंड्याला हातभार लावणं. काहींचं म्हणणं, तिला हवंय तर आपण कोण अडवणारे? माझं मत विचारलं तेव्हा मी म्हटलं, दोघींचंही खरं आहे, आणि पोरीलाच विचारा. ती म्हणाली, पाहण्याच्या कार्यक्रमासाठी मला काही करायचं नाही, पाहुणे आले तर आहे तशीच बसेन. पण नर्सिंगला गेल्यावर पेशंटशी तोंडावर हात धरून बोलता येत नाही. उपचार मी करीन, माझ्या सवडीने, आणि कर्ज मायच्या नाही, माझ्या नावावर लिहा. अध्यक्षबाईंनी वही उघडली. दंतवैद्याने सांगितलेला खर्च पार्लरपेक्षा कमी निघाला. कर्जाचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा "दात" लिहावं की "दवाखाना", यावर थोडी चर्चा झाली. शेवटी पोरीच्या मायने सांगितलं ते लिहिलं गेलं : "पाणी".